ग्रीस, व्हाया शिळफाटा

माझा मेहुणा ग्रीसला जाऊन आल्यापासून साधं वाक्य बोलत नाही. बाहेर पाऊस पडत असला तर तो ‘अथेन्सला असा पाऊस नसतो’ असं सांगतो. वांग्याची भाजी वाढली की ग्रीक लोक वांग्याचं काय करतात ते ऐकावं लागतं, आणि तोवर वांगं गार होतं. भिवंडीत त्याचं सायझिंग आहे. सुताला खळ लावण्यात जन्म गेला, त्यामुळे गोष्टींनाही तो भरपूर खळ लावतो.

या सगळ्यात त्याचा खास शब्द म्हणजे ‘प्रायव्हेट गाइडेड टूर’. त्यातल्या ‘प्रायव्हेट’वर तो असा जोर देतो की ऐकणाऱ्याला आपण उभा जन्म पब्लिकमध्ये काढला याची लाज वाटावी. “बाकीचे लोक झेंडीमागून कळपाने फिरतात,” तो सांगतो. “आमची गाइड फक्त आमची. सरकारी परवाना असलेली. रांगेविना प्रवेश!”

या परवानेवाल्या बाईंनी त्याला जे सांगितलं, ते त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आता मीही परवान्याला अर्ज करू शकतो. पार्थेनॉन हे अथेना देवीचं देऊळ इसवी सनापूर्वी 447 ते 432 या काळात बांधलं. पुढे तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला. 1687 साली व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर येऊन पडला आणि देवळाचं छप्पर उडालं. उरलेल्यातली चांगली शिल्पं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनने काढून इंग्लंडला नेली. 2009 साली अथेन्सकरांनी टेकडीखाली काचेचं झकास म्युझियम उघडलं, त्याच्या वरच्या मजल्यावर शिल्पपट्टी मांडली, आणि जी शिल्पं लंडनला आहेत त्यांच्या जागी प्लॅस्टरच्या प्रती लावल्या.

“थोडक्यात,” मी एकदा म्हणालो, “तू युरो मोजून सॅम्पल बघून आलास. माल लंडनच्या गोडाऊनला.”

“गोडाऊन नाही! ब्रिटिश म्युझियम!”

मी गप्प बसलो. दुसऱ्याचा माल जिथे वर्षानुवर्षं पडून असतो त्या जागेला आम्ही भिवंडीकर गोडाऊनच म्हणतो.

पण व्हायचं ते झालं. बायकोने विचारलं, “आपण कधी जायचं?” मी म्हणालो, “पार्टीचं पेमेंट आलं की.” मी ग्रे कापडाची दलाली करतो. लग्न झाल्यापासून ती हेच उत्तर ऐकत आलीय. आमच्या धंद्यात पेमेंट येत नाही, ‘निघालेलं’ असतं.

त्याच वेळी माझा भाचा चहा पीत बसला होता. पोराने प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन एम.ए. केलं. इतिहासात जागा रिकामी नसल्यामुळे सध्या नाशिक हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये नाइट शिफ्टला पार्सलं स्कॅन करतो. तो म्हणाला, “मामी, ग्रीकांकडे कशाला जायचं? ग्रीकच आपल्याकडे आले होते.”

“कधी?”

“दोन हजार वर्षांपूर्वी.”

“आणि मला आज सांगतोस?”

पाहता पाहता टूर ठरली. कल्याणचं प्राचीन बंदर, कार्ल्याची लेणी आणि कोल्हापूरचं म्युझियम. दोन दिवस, संपूर्ण प्रायव्हेट. भिवंडी तालुक्यातच लोनाडची लेणी आहेत, तीही दाखवतो असं भाचा म्हणत होता, पण तिथे ग्रीक आले असल्याचा पुरावा नाही म्हटल्यावर मेहुण्याने ती जागीच नापास केली. हो, मेहुणाही येणार होता. तज्ज्ञ म्हणून. आईला ग्रीकांशी कर्तव्य नव्हतं. पण कार्ला आणि कोल्हापूर ही दोन नावं कानावर पडताच तिने पिशवीत दोन साड्या, दोन खण आणि नारळ भरले. “एकवीरा झाली, अंबाबाई झाली. तुमचे यवन तुम्ही बघा.” या अख्ख्या टूरमध्ये ज्याचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला असं एकच माणूस निघालं, ते म्हणजे आई.

गाडी एर्टिगा, ड्रायव्हर काल्हेरकडचा आगरी. मेहुणा पुढच्या सीटवर, आम्ही तिघं मधे. गाइड उंच आणि धाकटा असल्यामुळे त्याला मागे, पिशव्यांबरोबर बसवलं. त्याचा आवाज आमच्या मानेवर येत होता.

“अथेन्सला गाइड समोर उभी राहते,” मेहुणा म्हणाला. “कानात इयरफोन असतो.”

“इयरफोनमधून आवाज कुठून येतो?” बायकोने विचारलं. “मागूनच ना?”

कल्याण नाक्यापासूनच गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला ताक्यांनी शीग भरलेला टेम्पो. गाइडने संधी साधली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं, ‘पेरिप्लस’ नावाचं. कुठलं बंदर कुठे, तिथे काय विकतं, काय मिळतं, राजाला काय द्यावं लागतं, याची सगळी नोंद.

“लिहिणाऱ्याचं नाव?” मी विचारलं.

“माहीत नाही. त्याने लिहिलेलंच नाही.”

“म्हणजे कच्च्या बिलाचा माणूस.”

मला तो ग्रीक तिथेच आवडायला लागला. मी आजवर ग्रीक म्हणजे पांढरी दाढी आणि मोठमोठे प्रश्न असं समजत होतो. हा तर लाइनवाला निघाला! भरुचच्या बंदरात काय खपतं याची त्याची यादी भाच्याने म्हणून दाखवली. दारू (त्यातही इटलीची जास्त चालते), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. राजासाठी वेगळं पाकीट, त्यात चांदीची भांडी, उंची दारू, गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी देखण्या पोरी. आणि इथून तिकडे काय जायचं? कापड! तेरहून गाड्या भरभरून माल भरुचला उतरायचा. जाडंभरडं, तलम, सगळ्या जातीचं सुती कापड.

“दलाली किती?” मी विचारलं.

“त्याचा उल्लेख नाही, मामा.”

“नसणारच. तो आकडा लिहून ठेवत नसतात.”

मेहुणा अस्वस्थ झाला. “सॉक्रेटिसचं सांग ना काहीतरी.”

“सॉक्रेटिस कल्याणला आला नव्हता, काका.”

मग खुद्द कल्याणची गोष्ट आली. पेरिप्लसवाला सांगतो की कल्याण हे पूर्वी रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं, थोरल्या सातकर्णीच्या काळात. पण सत्ता बदलली आणि तिथल्या व्यापारात अडथळे सुरू झाले. आता एखादं ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भरुचला धाडण्याची शक्यता असते.

गाडीत क्षणभर शांतता पसरली. दोन हजार वर्षांपूर्वीची, ग्रीक भाषेतली, कल्याणला पोचता येत नसल्याची तक्रार! मला भरून आलं. मी रोज ज्या रस्त्यावर बसून शिव्या देतो, तिथे माझ्याआधी कुणीतरी सुसंस्कृत भाषेत देऊन गेला होता.

एवढ्यात रांजणोली नाक्यावर पोचलो. चौकात हवालदार हात आडवा धरून उभा होता.

“कल्याण बंद. ठाण्याकडून जा.”

“अहो, पण आम्हाला दुर्गाडीला खाडी बघायचीय,” बायको म्हणाली.

“खाडी काय बघायचीय? ठाण्याला पण खाडी हाय. चला, चला.”

शेजारून एक मोटारसायकलवाला शिपाई आम्ही मुकाट्याने वळतोय की नाही ते बघत पुलापर्यंत बरोबर आला. मागच्या सीटवर भाचा आनंदाने उसळत होता. “मामा! पहाऱ्यात! शब्दशः!” टूरचा पहिला थांबा रद्द झाला होता, पण इतक्या ऐतिहासिक पद्धतीने रद्द झालेला थांबा अथेन्सच्या परवानेवालीलासुद्धा दाखवता आला नसता. खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा असा वळसा घालून आम्ही पनवेलला लागलो. कल्याण मी आजही पाहू शकलेलो नाही. तसा मी तिथे दर आठवड्याला जातो, पण ते वेगळं.

कार्ल्याला ड्रायव्हर एकदम घरचा यजमान झाला. एकवीरा ही आगरी-कोळ्यांची माउली. चैत्रात पालखीला अख्खं काल्हेर तिथे असतं. कुठल्या दुकानाचा नारळ चांगला, कुठल्या पायरीवर म्हाताऱ्या माणसाने दम खावा, उतरताना कुठल्या हॉटेलात जेवावं, सगळं त्याला तोंडपाठ. गाइडचं काम त्याने पायथ्यालाच काढून घेतलं. भाचा बिचारा छत्री उंच धरून मागून चढत होता. छत्री मेहुण्याने धरायला लावली होती, कारण अथेन्सला.

वर पोचल्यावर आई दर्शनाच्या रांगेत गेली. रांग नागमोडी, घामेजलेली आणि अढळ. तिला खेटूनच ते प्रचंड चैत्यगृह उभं आहे, आणि तिकडे मात्र एक कॉलेजचं जोडपं सोडलं तर कुणी नाही. मेहुण्याच्या टूरमध्ये ज्याचे वेगळे पैसे पडले होते, तो रांगेविना प्रवेश आम्हाला आपोआप मिळाला.

आत गेलो आणि मीसुद्धा चार पावलं गप्प झालो. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर हत्ती, हत्तींवर जोडपी. छताला सागवानाच्या कमानी, त्याही जवळपास दोन हजार वर्षांच्या. बायको मान वर करून बराच वेळ बघत राहिली. “आपल्या हॉलच्या खिडकीची चौकट वाळवीने पाच वर्षांत खाल्ली,” ती म्हणाली. सुताराला फोन लावायला रेंज नव्हती म्हणून तो वाचला.

भाच्याने एका खांबापाशी नेलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. सरळ धरला तर काही दिसत नाही, तिरका धरला की दगडातून अक्षरं वर येतात. ब्राह्मी लिपी, काड्या-काड्यांची. त्याने बोट न लावता हवेतच एकेक अक्षर गिरवत वाचून दाखवलं. धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनाने हा खांब दान दिला.

“सिहधय?” मेहुणा म्हणाला. “हे ग्रीक नाव? पेरिक्लिस, अरिस्टॉटल असं काही नाही?”

“नावं इथली घेतली असावीत, काका. दुसऱ्या एका यवनाचं नाव यसवधन आहे, एकाचं धम्म.”

“आणि धेनुकाकट कुठे आलं?”

“त्यावर विद्वानांचं एकमत नाही.”

मेहुण्याने माझ्याकडे सूचक पाहिलं. गावाचा पत्ता नाही, नाव बदललेलं, आणि खांब देऊन मोकळा! पण मला त्यात खटकण्यासारखं काही दिसेना. आमच्या लाइनीतले निम्मे देणगीदार याच वर्णनाचे आहेत. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर जसं देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं, तसा हा खांब. शिवाय एकट्या यवनांचंच काय, तिथे सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, सुतार आहे, ज्याने त्याने आपापल्या ऐपतीने काहीतरी देऊन खाली नाव कोरून घेतलेलं.

आणि या सगळ्यांवर कडी करणारा वैजयंतीचा भूतपाल शेठ. बाहेर ओवरीच्या भिंतीवर त्याने लिहून ठेवलंय की हे शैलगृह आपण पूर्ण केलं आणि अख्ख्या जंबुद्वीपात याला तोड नाही. खांब दिले यवनांनी, दार दिलं दुसऱ्याने, आणि बोर्ड लावला भूतपालने! हायवेवर घोडबंदरच्या टॉवरची होर्डिंगं बघताना मला वाटायचं की ही आजकालची थेरं आहेत.

ड्रायव्हर आत आला होता. खांबाकडे बघत उभा राहिला.

“आमी लहानपणापासनं येतंव इथं,” तो म्हणाला. “यो खांब कवा बघलाच नाय. ह्यो मानूस कशाला आलावता?”

“व्यापाराला,” भाचा म्हणाला.

“तं खांब कशाला दिला?”

भाच्याने बौद्ध संघ, दानधर्म, व्यापारी मार्ग, घाटातले मुक्काम असं बरंच समजावून सांगितलं. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. तेवढ्यात आई प्रसाद घेऊन आली आणि ग्रीसवर पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. आधी अंबाबाई, मग नाश्ता, मग आईची खरेदी, आणि मग उरलेल्या वेळात प्राचीन जग. टाउन हॉलच्या गॉथिक इमारतीतल्या म्युझियममध्ये शिरताना भाचा इतका गंभीर झाला होता की मीही शर्ट खोचून घेतला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1940च्या दशकात तिथे कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला, मग 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. रोमन साम्राज्याशी कोल्हापूरचा व्यापार चालत होता याची ती साक्ष. आणि त्या साठ्यातला मानकरी म्हणजे साक्षात पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

“कुठंय?” मेहुणा म्हणाला.

“हा काय.”

“कुठं?”

काचेपलीकडे, तळहातावर मावेल एवढा, एक हात उंचावून देव उभा होता.

मेहुणा गुडघ्यावर हात ठेवून वाकला. त्याला एकदम बळ आलं. “अथेन्सच्या म्युझियममध्ये पोसायडन दोन मीटरचा आहे. समुद्रातून काढलेला. पुरुषभर उंच! हा म्हणजे…” त्याने बोटांनी काचेवरच माप घेतलं आणि ती बोटं सगळ्यांना दाखवली.

“काका,” भाचा शांतपणे म्हणाला, “तो पोसायडन आहे की झ्यूस, यावर अजून वाद चालू आहे. हातातलं शस्त्र हरवलंय. त्रिशूळ असेल तर पोसायडन, वज्र असेल तर झ्यूस.”

मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. परवानेवाल्या बाईंनी हे सांगितलंही असेल, पण त्या वेळी तो बहुधा तिच्यासोबत सेल्फी घेत असावा. “आपला निदान नक्की पोसायडन आहे,” मी म्हणालो.

“आपला कधीपासून झाला?” आई म्हणाली. मग चष्मा पुसून तिने देवाला नीट न्याहाळलं. “आणि याच्या अंगावर कपडा कसा नाही?”

खरंच नव्हता. माझ्यातला दलाल दुखावला. या देवाचे भक्त जहाजं भरभरून आपलं कापड घेऊन गेले, तेरचं घेतलं, जाडंभरडं घेतलं, तलम घेतलं, आणि देवाला एक पंचा नाही? इतकं कापड गेलं कुठे? नक्कीच पार्टीने माल उचलला आणि पुढे उधारीवर फिरवला.

“समुद्राचा देव इथे कोल्हापुरात कशाला आणला?” बायकोने विचारलं.

“व्यापाऱ्याबरोबर आला असेल. घाटावरच्या वाटेने.”

“म्हणूनच,” आई म्हणाली, “पंचगंगेला एवढा पूर येतो.” आणि देवाला लांबूनच, संशयाने, नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर हिशेब निघाला. मेहुणा म्हणाला, टूर झाली की गाइडला टिप देतात, तशी रीत आहे. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मग त्यानेच ऐटीत पाकिटातून ग्रीसहून उरलेली युरोची चार नाणी काढली आणि भाच्याच्या हातावर ठेवली.

“काका, ही इथे कोण बदलून देणार?”

“दिवसभर तूच सांगत होतास ना, त्यांची नाणी चालायची म्हणून?”

“पेरिप्लसमध्ये तसं आहे खरं. सोन्या-चांदीची नाणी बदलली की नफा होतो. पण भरुचला.”

“मग जा भरुचला.”

भाच्याने नाणी खिशात टाकली आणि पुढच्या टूरचं सूतोवाच केलं. नाशिकची पांडवलेणी: तिथलं सतरावं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडच्या यवनाने कोरवून घेतलंय. जुन्नरला यवनांनी दिलेली दानं आहेत. तेरच्या म्युझियममध्ये रोमन धाटणीच्या वस्तू आहेत. आईने डोळे मिटल्या मिटल्या यादी लावली, “नाशिक म्हणजे सप्तशृंगी. जुन्नर म्हणजे लेण्याद्री. तेरहून तुळजापूर जवळच.” ग्रीकांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपला मार्ग आईला विचारून आखला होता की काय, अशी मला शंका येऊ लागली.

शिळफाट्याला अर्थातच गाड्या थांबलेल्या होत्या. पुढचे लाल दिवे डोंगराच्या वळणापर्यंत दिसत होते. कार्ल्यापासून फारसा न बोललेला ड्रायव्हर हँडब्रेक ओढून मागे वळला.

“दादा,” तो भाच्याला म्हणाला, “मना समाजला त्यानी खांब कशाला दिला.”

“कशाला?”

“तो कल्यानच्या ट्राफिकमंदी गावला. पोलिसानी त्याला भरुचला धारला. तवा तो आई एकवीरेला नवस बोलला, मना सोरव, मी तुज्या दारान खांब देईन. आईनी सोरवला. त्यानी दिला.”

भाचा हबकलाच. “अहो, असं नाही! ते बौद्ध लेणं आहे, खांब संघाला दिलाय, आणि देवीचं आजचं देऊळ नंतरचं आहे. शिवाय तो सिहधय म्हणजे पेरिप्लसमधला व्यापारी नव्हे. याला पुरावा काय?”

“वा रे पुरावा,” आई डोळे न उघडता म्हणाली. “खांब उभा आहे की!”

मेहुणा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सायझिंगवर चहाच्या वेळी तो चार जणांना कार्ल्याच्या त्या खांबाची गोष्ट सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकली, ड्रायव्हरच्या आवृत्तीतली, वर थोडी खळ लावून. त्यात यवनाला अटक रांजणोली नाक्यावर झाली होती.